सात वाजून दहाचे तीन डोंगर

दोन हजार सतरा साली, श्रावण नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता. इस्पितळातून येणाऱ्या शीबानं टॅबलेट माझ्या पुढ्यात सरकवला आणि विचारलं, "काकू, सकाळी सात-दहाला तुम्ही आजींना काय देता?"

"काही नाही," मी म्हटलं.

"नीट आठवून सांगा. दूध, चहा, औषध?"

"अगं, सगळं नळीतून जातं. साडेसातला पहिलं दूध. त्याच्या आधी थेंबसुद्धा नाही."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. गिळण्याची हिरवी रेघ बराच वेळ सपाट चालली होती. मग शेजारीशेजारी तीन डोंगर, आणि पुन्हा सपाट.

"हे बघा. मंगळवारी सात वाजून नऊ. बुधवारी सात-दहा. काल सात-बारा. रोज तीनच. आणि इतकं जोरात आजी दिवसभरात कधीच गिळत नाहीत. व्यायामाच्या वेळीसुद्धा नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे, पण कशामुळे आहे ते कळायला हवं ना? रिकाम्या तोंडानं असं गिळता येत नाही, काकू. तेव्हा तोंडात काहीतरी असतं."

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या लीलाताईंच्या गच्चीवरची रिकामी दोरी होती.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, अनसूया. त्यांनी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शिवण शिकवलं. एकोणीसशे शहात्तर साली मी लग्न होऊन सांगलीच्या ह्या घरात आले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात पहिली गोष्ट दिली ती उसवलेला उशीचा अभ्रा. मी घातलेली टीप त्यांनी उजेडात धरून बघितली, कात्रीच्या टोकानं सरसर उसवली आणि म्हणाल्या, "शरयू, पुन्हा घाल." पुढची एकेचाळीस वर्षं साधारण अशीच गेली. देवांची पूजा त्यांची. मी फुलवाती करायच्या, त्यांनी मोजायच्या. पाणी त्या वरून प्यायच्या, मान मागे टाकून, भांड्याला कधी ओठ लावला नाही. आणि माझं लावलेलं भांडं ओट्यावर दिसलं की ते दोन बोटांनी उचलून मोरीत ठेवायच्या. बोलायच्या काही नाहीत. ठेवल्याचा आवाज मात्र घरभर जायचा. हे गेल्यावर, मुलगा हैदराबादला असल्यामुळे, आम्ही दोघीच उरलो.

त्या साली जूनमध्ये एका पहाटे वन्संना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, आणि घसाही गेला. हातपाय जातात हे आपण ऐकलेलं असतं. गिळणं जातं हे मला माहीत नव्हतं. पाण्याचा घोट अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरायचा. मिरजेच्या एका इस्पितळात डॉक्टर मगदुमांनी नाकातून पोटात नळी घातली आणि घरी सोडताना मला समोर बसवून सांगितलं, "तोंडानं काही नाही. अन्न नाही, पाणी नाही, थेंबसुद्धा नाही. छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल, आणि ह्या वयात न्यूमोनिया म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको."

ते मी अक्षरशः पाळलं. वन्संच्या खोलीतला तांब्या हलवला. त्यांच्यासमोर मी स्वतः चहा प्यायचं बंद केलं. शेजारच्या लीलाताई सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या, तर मी तो वन्संच्या कपाळाला लावला आणि वाटी लीलाताईंच्या हातात परत दिली.

"चिमूटभरानं काय होतंय?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या घरी होत नसेल," मी म्हटलं.

शीबा उजगरे ही त्याच इस्पितळातली, बोलण्या-गिळण्याचे व्यायाम घेणारी मुलगी. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मिरजेची, आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायची. पुण्याच्या काही इंजिनियर मुलांनी बनवलेलं एक यंत्र इस्पितळात चाचणीसाठी आलं होतं, आणि ते ज्यांच्या घरी द्यायचं त्या दहा जणांत तिनं वन्संचं नाव घातलं होतं. यंत्र म्हणजे हनुवटीखाली चिकटवायची एक मऊ पट्टी, जखमेवर लावतात तशी, आणि तिच्या मधोमध कोटाच्या बटणाएवढी डबी. गिळताना गळ्याचे स्नायू जितके आवळतील, तितकी टॅबलेटवरची हिरवी रेघ वर चढायची. वर एका जागी तुटक लाल रेघ होती. वन्संनी दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा, जोर लावून आवंढा गिळायचा आणि हिरवा डोंगर लाल रेघेला टेकवायचा. वन्संचे डोंगर कसले, वारुळंच ती.

पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं पाटीवर लिहिलं, 'हिला लाव.' शीबानं मला पट्टी लावली. मी आवंढा गिळला तर डोंगर लाल रेघेच्या वर बोटभर गेला. वन्संनी पाटी पुसून लिहिलं, 'खाऊन माजलीय.' शीबा हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

ऑगस्टअखेरीला डॉक्टर एक्स-रेच्या यंत्राखाली बसवून वन्संच्या गिळण्याची परीक्षा घेणार होते. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. परीक्षेत पाणी सरळ मार्गानं गेलं तर थोडंथोडं तोंडानं सुरू; नाही तर पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी. हे ऐकलं तेव्हा वन्संनी लिहिलं, 'भोक नको.' त्याखाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली म्हणून पुसली आणि पुन्हा ओढली. मग माझ्याकडे बघून जड जिभेनं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "नळी... बसवली... तर... मी... काढणार." त्यांनी ती काढली असती. मी त्यांना ओळखत होते.

म्हणून शीबानं ठरवलं की पट्टी नुसती व्यायामापुरती नको, आंघोळ आणि दात घासून झाले की लावायची ती रात्री काढायची. वन्सं दिवसभरात आपणहून किती वेळा लाळ गिळतात ते मोजायचं. आणि त्या मोजण्यात हे तीन डोंगर निघाले.

पुढच्या मंगळवारी ती आली ती टॅबलेट उघडूनच बसली. चारही दिवस डोंगर जागच्या जागी होते.

"काकू, मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरं सांगा."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही हो. कधी कधी माया येते माणसाला. वाटतं, घोटभर द्यावं..."

"माया?" मी म्हटलं. "विचार यांना. एकेचाळीस वर्षांत आमच्यात निघाली नाही ती आता कुठून निघायची?"

वन्संच्या घशातून घरघर आली. त्या हसत होत्या. शीबा त्यांच्याकडे वळली. "आजी, तुम्ही सांगा. सकाळी काही घेता तुम्ही?"

वन्संनी डोळे मिटून घेतले.

"दमल्यात त्या," मी म्हटलं. "आणि तुझं यंत्र बिघडलंय."

"रोज सात-दहालाच बिघडतं का, काकू?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला. दीड महिना मी त्या बाईचं तोंड पुसत होते, कूस बदलत होते, दर तीन तासांनी गाळलेली पेज नळीत सोडत होते, आणि कालची पोर मला विचारत होती की चोरून काय देता. ती गेल्यावर मी डॉक्टर मगदुमांना फोन लावला. म्हटलं, यंत्रात काहीतरी भलतंच दिसतंय आणि तुमची मुलगी आम्हाला खोट्यात काढतेय.

"तुमच्याबद्दल मला शंकाच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याइतकं कुणी सांभाळत नाही. यंत्र नवीन आहे, चुकत असेल. गुरुवारी दहाला आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. आणि शीबाशी मी बोलतो. नातेवाइकांवर आरोप करायला आपण कुणाला घरी पाठवत नाही. तिचं घरी जायचं काम मी थांबवतो. ही चाचणी तिच्याकडे ठेवायची का, तेही बघतो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी शीबाचा फोन आला. आता रडेल, नाही तर भांडेल, अशा तयारीनं मी उचलला. ती म्हणाली, "काकू, मी येणार नाही आता. आजींचं तोंड दिवसातून तीनदा घासायचं तेवढं सोडू नका. जीभसुद्धा." आणि फोन ठेवला.

बुधवारी रात्री वन्संचं अंग कोमट लागलं. गुरुवारी सकाळी शंभर ताप होता, खोकल्यावर छातीत खळखळत होतं. डॉक्टरांना फोन करायचा, पण ते नऊच्या आधी उचलायचे नाहीत. मी नेहमीसारखं वन्संना पुसून घेतलं, दात घासले, पट्टी लावली. दहाला माणूस यायचा होता म्हणून चार्जर आणि टॅबलेट स्टुलावर काढून ठेवला. एरवी तो कपाटावर असायचा. आज पडदा चालूच राहिला होता.

मग मी पूजेला बसले. झटक्यानंतर देव मी वन्संच्या खोलीत आणले होते. पूजा आता मी करत होते आणि वन्सं खाटेवरून बघत होत्या. फूल उलटं वाहिलं की डाव्या हातानं खाटेच्या कठड्यावर टक. गंध वाळलं की टक. शंख भरायचा राहिला की टक टक. त्या दिवशी ताप असूनही दोनदा टक झालं. नैवेद्य झाला, आरती झाली, आणि मी ताम्हनातलं तीर्थ पंचपात्रीत घेऊन खाटेजवळ गेले.

तीर्थ उजव्याच हातावर घ्यायचं, हे त्यांनी सोडलं नव्हतं. तो हात लुळा. मी माझा डावा तळवा त्याच्याखाली धरायची, त्यांची बोटं वळवून पसा करायची आणि पळीनं तीर्थ घालायची. हात तोंडापर्यंत उचलला जात नव्हता, म्हणून वन्सं खाली वाकायच्या, अगदी हनुवटी छातीला लागेपर्यंत, आणि तळव्यातून ओढून घ्यायच्या. तीन पळ्या. दीड महिना रोज.

पहिली पळी घातली. त्या वाकल्या. माझं लक्ष सहज स्टुलाकडे गेलं. हिरवी रेघ उठली, लाल रेघेला लागली आणि खाली आली.

मला तेव्हाही कळलं नाही. यंत्र खरंच बिघडलंय, असंच वाटलं.

दुसरी पळी घातली. वन्संचा घसा हलला आणि त्याच क्षणी रेघ उठली. घड्याळात सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

तिसरी पळी माझ्या हातातच राहिली. वन्सं मान खाली घालून वाट बघत होत्या.

"वन्सं," मी म्हटलं, "हे पाणी आहे."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हं."

"अहो, मग बोलला का नाहीत? डॉक्टर म्हणाले थेंबसुद्धा नाही. मी लीलाताईंचा शिरा परत पाठवला आणि वर रोज तीन पळ्या पाणी घालतेय तुम्हाला. त्या मुलीला यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. तुम्ही ऐकत होतात."

त्यांनी ओठ दोनदा मिटले, उघडले. "तहान," त्या म्हणाल्या. "नळीतलं... पाणी... पोटात जातं. तोंडाला... कळत नाही. तू... विसरलीस. मी... आठवण... केली नाही."

"एकेचाळीस वर्षांत माझी एक चूक सोडली नाहीत. ही बरी सोडलीत."

"ही," वन्सं म्हणाल्या, "चांगली... होती."

तिसरी पळी मी पंचपात्रीत परत ओतली. तसं करत नाहीत. कठड्यावर टक झालं नाही.

लीलाताईंना बसवून मी साडी बदलली आणि मिरजेला डॉक्टरांकडे निघाले, तर वन्संनी माझा पदर धरला. डाव्या हाताची पकड चांगली होती.

"नको," त्या म्हणाल्या. "सांगू... नको. भोक... पाडतील."

मी म्हटलं, "छातीत खळखळतंय तुमच्या. डॉक्टरांना कळायला नको, कशानं ते? आणि त्या मुलीचं काम जातंय. तिनं बघितलं ते खरं होतं, आणि मी तिला खोटी पाडली."

त्या बराच वेळ पदर धरून होत्या. मी ओढला नाही. शाळेत त्यांचा दरारा होता, पण दुसरीच्या चुकीसाठी एखादीला वर्गाबाहेर काढलं, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. हे मला त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनीच सांगितलेलं. शेवटी त्यांनी पदर सोडला आणि पाटी मागितली. 'रिक्षानं जा. बसनं उशीर.' माझ्याकडे दाखवून पुन्हा काढून घेतली आणि खाली लिहिलं, 'मुलीला सांग, मी गप्प होते.'

मिरजेला पोचले तेव्हा डॉक्टर मगदूम नुकतेच खोलीत शिरत होते. मी म्हटलं, शीबाला बोलवा, मग सांगते. ती आली आणि दाराशी उभी राहिली. मी पळीपासून यंत्रापर्यंत सगळं सांगितलं. वन्संचा निरोपही सांगितला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, मी थेंबसुद्धा नाही म्हणालो होतो."

"हो."

"मग?"

"तो थेंब मी धरलाच नाही. पाणी म्हटलं की मला तांब्या दिसत होता."

त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी दोन मिनिटं चांगला काढला. वन्संना लगेच भरती करायला रुग्णवाहिका पाठवतो म्हणाले. मग आपणच जरा शांत झाले. "आमच्या घरी आई रोज जैन बस्तीतून, देवळातून, अभिषेकाचं गंधोदक आणते. आम्ही ते डोक्याला लावतो, पीत नाही. पीत असतो तर मलाही सुचलं नसतं." शीबाकडे बघून म्हणाले, "तू बरोबर होतीस."

"मी दूध, चहा, औषध विचारलं, सर," शीबा म्हणाली. "तीर्थ विचारायचं मलाही सुचलं नाही." मग माझ्याजवळ येऊन बसली. "काकू, त्या घेतात कशा? मला करून दाखवा."

मी तिचा हात धरला, पसा केला, खुर्चीच्या दांड्याखाली नेला. "हात इथंच राहतो. वर येत नाही. मग त्या अशा वाकतात."

"हनुवटी कुठं जाते?"

"छातीला लागते."

"आणि गिळेपर्यंत खालीच?"

"गिळेपर्यंत. थेंब सांडायचा नसतो ना."

शीबा डॉक्टरांना म्हणाली, "सर, पहिल्या आठवड्यापासून मी सांगतेय, मान खाली घालून गिळा. त्या मान खाली घालतात आणि ऐन गिळताना वर करतात. वीसच्या वीस वेळा."

"त्या जन्मभर वरून पाणी प्यायल्यात," मी म्हटलं. "मान मागे टाकून. भांडं उष्टं होऊ नये म्हणून."

डॉक्टरांनी पेन उचललं. कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

वन्संच्या उजव्या फुप्फुसात खाली लहानसा डाग निघाला. आठ दिवस त्या इस्पितळात होत्या. चौथ्या दिवसापर्यंत काही खरं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, तीर्थानंच झालं का? ते म्हणाले, "तीर्थानं झालं असं मी म्हणणार नाही, नाही झालं असंही म्हणणार नाही. लाळेनंसुद्धा होतं. तोंड स्वच्छ होतं म्हणून एवढ्यावर भागलं, हे मात्र नक्की." ते उत्तर मी आजपर्यंत जवळ ठेवलंय. त्याच्यापेक्षा बरं मिळालं नाही आणि त्याच्यापेक्षा वाईटही नाही.

परीक्षा लांबली ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. शीबानं मला सांगून ठेवलं होतं की पळी घेऊन या. एक्स-रेच्या खोलीत आत थांबायचं म्हणून मला शिशाचा अंगरखा घातला. तो इतका जड की मला वाटलं आधी मीच पडणार. वन्संना खुर्चीत ताठ बसवलं. पांढरी पावडर कालवलेलं पाणी डॉक्टरांनी चमच्यानं दिलं. पडद्यावर गळ्याची हाडं दिसत होती आणि पाणी काळं दिसत होतं. वन्संनी मान उचलली, गिळलं, आणि काळ्या पाण्याची एक बारीक रेघ पुढच्या बाजूनं, नको तिथं उतरली. मलासुद्धा ते कळलं. वन्सं खोकल्या. दुसऱ्या चमच्याला पुन्हा तेच.

"पुरे," डॉक्टर म्हणाले.

"सर, एकदा हातावरून," शीबा म्हणाली.

"इथं?"

"इथंच. काकू घालतील."

डॉक्टरांनी वन्संकडे बघितलं. वन्सं त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. आपल्या पोटाचं काय होणार ते तिथं ठरतंय हे त्यांना समजत होतं.

मी तो अंगरखा सावरत पुढं झाले, त्यांच्या हाताखाली हात धरला, बोटं वळवली. पळी भरली. वन्सं वाकेनात.

"हे... तीर्थ... नाही," त्या म्हणाल्या.

"नसू दे. वाका."

"मी... लबाडी... करणार नाही..."

"वन्सं," मी म्हटलं, "जन्मभर तुम्ही सांगितलं ते मी पुन्हापुन्हा केलं. आज मी सांगते ते एकदा करा. वाका खाली."

वन्सं वाकल्या. हनुवटी छातीला लागली, घसा हलला. पडद्यावर काळं पाणी थोडं थबकलं आणि मागच्या बाजूनं, सरळ, खाली गेलं.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

दुसरी पळीही सरळ गेली. तिसरीतलं थोडं घशात रेंगाळलं, पण पुढं उतरलं नाही. डॉक्टरांनी अजून चार वेळा करायला लावलं, दाट करून, पातळ करून. मग दिवा लावला. वन्संच्या हनुवटीवरून पांढरा ओघळ आला होता. तो मी पदरानं पुसला.

"पोटाची नळी तूर्त नको," डॉक्टर म्हणाले. "वाकून, मोजून, आणि शीबा सांगेल तेवढंच. दोन महिन्यांनी परत बघू. आणि ती पट्टी चालू ठेवा."

वन्संनी शीबाला जवळ बोलावलं. मला वाटलं आशीर्वाद देतील. त्यांनी तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाल्या, "टीप... उसवलीय. मला... दे."

नाकातली नळी दिवाळीच्या आधी निघाली. पाणी मात्र दाट करूनच प्यावं लागायचं, आणि मान मागे टाकून प्यायचं कायमचं सुटलं. पट्टी आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत होती. वन्संचा डोंगर लाल रेघेच्या वर गेला तेव्हा शीबानं ती परत नेली. ते यंत्र पुढं बाजारात आलं का, ते मला माहीत नाही. शीबाला मी विचारलं होतं, तर म्हणाली, त्या मुलांची कंपनी दोन वर्षांत बंद पडली. आता दुसऱ्या कुणाचं तसंच यंत्र येतं.

शीबा म्हैसूरला पुढं शिकायला गेली. तिथंच लग्न केलं, मुलगी झाली. नाताळला तिचा फोन येतो. ती रुग्णांच्या घरच्यांकडून जो फॉर्म भरून घेते, त्यात तिनं एक रकाना वाढवलाय: तीर्थ, गंगाजल, मक्केचं झमझम, चर्चमधल्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस. दर चार-पाच फॉर्मांत एकाला तरी तो रकाना वाचून धक्का बसतो, म्हणते. डॉक्टर मगदूम निवृत्त झाले. गावी द्राक्षं लावलीत, आणि ती दरवर्षी पावसात सापडतात असं ऐकते. लीलाताई करोनात गेल्या.

मी आता सत्त्याहत्तरची आहे आणि ह्याच घरात आहे. मुलगा हैदराबादला चल म्हणतो. मी पुढच्या वर्षी म्हणते.

वन्सं आणखी साडेचार वर्षं जगल्या. बोलणं पुष्कळ सुधारलं. त्या साडेचार वर्षांत त्या माझ्याशी जितकं बोलल्या, तितकं आधीच्या एकेचाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या, आणि त्यातलं निम्मं मी काय चुकतेय ह्याबद्दल होतं. दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये एका दुपारी झोपेतच गेल्या, हृदय थांबून. घशाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी सकाळी दहाला त्या मऊ भात आणि घोटलेली दुधीची भाजी जेवल्या, वाटी संपवली, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. त्या झोपल्यावर मी पातेल्यातली भाजी चाखून बघितली. कमीच होतं.